मिरज जंक्शनवर उतरून गाव पाहण्याविषयी

शाहूपुरीकर

कोल्हापुरातील बहुतेक घरांची मिरजेशी ओळख दोन कारणांनी झालेली असते. एकतर हुबळी, बंगळूर किंवा सोलापूरकडची गाडी तिथून पकडायची असते, नाहीतर घरातील कोणाच्या तरी आजारपणासाठी तिथल्या दवाखान्यांत हेलपाटे घालायचे असतात. या दोन्ही वेळी माणूस घाईत किंवा काळजीत असतो, आणि त्यामुळे स्थानकाच्या पलीकडे असलेले गाव पाहायचे राहूनच जाते. सुट्टीच्या दिवशी केवळ गाव पाहण्यासाठी म्हणून मिरजेला जावे, तेही शक्यतो रेल्वेनेच, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी हा धागा काढत आहे.

रेल्वेचा आग्रह धरण्याचे कारण असे की, ही वाट आपणच बांधलेली आहे. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मुख्य मार्ग मिरजेवरून गेला आणि कोल्हापूर बाजूला राहिले. तेव्हा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरजेपर्यंतचा फाटा बांधायला घेतला. 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते या कामाचा आरंभ झाला. राज्यकारभार त्यांच्या हाती यायला तेव्हा अजून सहा वर्षे अवकाश होता. 1891 मध्ये गाडी सुरू झाली, आणि 1895 मध्ये महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली. आपल्या गुळाचे नाव दूरवर पोहोचण्यात या सुमारे सत्तेचाळीस किलोमीटरच्या फाट्याचा वाटा फार मोठा आहे. कोल्हापूर आजही शेवटचेच स्थानक आहे आणि पुढे रूळ नाहीत, त्यामुळे देशातल्या कोणत्याही दिशेला रेल्वेने जायचे झाले तरी आधी मिरज गाठावी लागते.

आता गावाविषयी. मिरजेत उतरल्यावर मी सर्वांत आधी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जावे असे सुचवीन. सर्व धर्मांचे लोक तिथे येतात, आणि उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर घालायच्या चादरीला, मान आहे. परंतु संगीताची आवड असलेल्या माणसासाठी त्या आवारात आणखी एक जागा आहे, ती म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर. खाँसाहेब 1872 मध्ये उत्तरेतील कैराना येथे जन्मले. किराना घराण्याचे नाव त्या गावावरून आले. मात्र त्या घराण्याची गायकी वाढली ती आपल्या या भागात. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांची मुले. मिरजेत त्यांनी घर केले आणि मीरासाहेबांवर त्यांची अढळ श्रद्धा होती.

त्यांचा शेवट रेल्वेच्या फलाटावर झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांची प्रकृती बिघडली. वाटेतल्या सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहान स्थानकावर ते उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, आणि देशभरातील गायक-वादक तिथे सेवा म्हणून गातात, वाजवतात. तिकीट नसते आणि मानपानही नसतो; दर्ग्यातील चिंचेच्या झाडाखाली बसून आपण रात्रभर ऐकू शकतो. कोल्हापूरकरांनी वर्षातून एकदा तरी या सभेला जावे, कारण इतक्या जवळ आणि इतक्या मोकळेपणाने असे गाणे दुसरीकडे ऐकायला मिळत नाही.

दर्ग्यानंतर सतारमेकर गल्ली पाहावी. तिच्याविषयी इथल्या जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी माझी विनंती आहे. शिवाय वॉनलेस रुग्णालयाची जुनी वास्तू, कृष्णाघाट, गणेश तलाव आणि किल्ल्याचे उरलेले अवशेष ही ठिकाणे आहेतच. ज्यांनी हे गाव पायी पाहिले आहे, त्यांनी भर घालावी.

ब्राह्मणपुरीतली

शाहूपुरीकर, आपण आमच्या गावाविषयी इतक्या आस्थेने लिहिलेत याचा आनंद वाटला. माझे सासर आणि माहेर दोन्ही मिरजेतच, त्यामुळे रेल्वेविषयी थोडी भर घालते.

मिरजेत एके काळी तिन्ही रुंदींचे रूळ होते. मूळचा मार्ग मीटरगेजचा. 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी पंढरपूरकडून मिरजेपर्यंत आली. तिच्या रुळांमधले अंतर होते जेमतेम अडीच फूट. पुढे 1970 च्या दशकाच्या आरंभी पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी दक्षिणेकडची गाडी बरीच वर्षे मीटरगेजवरच धावत राहिली. त्यामुळे एकाच स्थानकात तीन तऱ्हेच्या गाड्या उभ्या असलेल्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. रुंदी बदलली की वाघिणीही बदलाव्या लागत, आणि एका वाघिणीतले पोते दुसरीत हमालांच्या पाठीवरूनच जाई. मिरजेत हमालांची, रेल्वे कामगारांची आणि त्यांच्यावर चालणाऱ्या खाणावळींची जी मोठी वस्ती झाली, तिचे मूळ या कामात आहे.

बार्शी लाइटचा आरंभ 1897 मध्ये बार्शीपासून मुख्य मार्गापर्यंतच्या लहानशा फाट्याने झाला, आणि मिरजेपर्यंत पोहोचायला तिला तीस वर्षे लागली. आषाढी-कार्तिकीला या गाडीला वारकऱ्यांची अशी गर्दी होई की, माझे आजेसासरे त्या दिवसांत घरी जेवायलाही येत नसत. ते रेल्वेतच नोकरीला होते. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज झाली आहे आणि कोल्हापूरची मंडळीही मिरजेवरून पंढरपूरला आरामात जातात. छोट्या गाडीच्या खुणा मात्र झपाट्याने नाहीशा होत आहेत. जुन्या कामगारांपैकी कोणी भेटले तर त्यांच्याशी अवश्य बोलावे, कारण ही माहिती आता त्यांच्याकडेच उरली आहे.

आणखी एक गोष्ट अलीकडची. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी पोहोचवणारी ‘जलदूत’ गाडी मिरजेहूनच सुटली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले आणि नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या. रेल्वेच्या पाणीपुरवठ्यासाठी वापरली जाणारी आदिलशाहीच्या काळातील हैदरखान विहीर त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होती. त्या गाड्या गेल्या तो मार्ग पूर्वीच्या बार्शी लाइटचाच.

तरफेची_तार

सतारमेकर गल्लीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. मी सतार शिकतो आणि माझे वाद्य दुरुस्तीसाठी तिथेच नेतो, त्यामुळे कारागिरांच्या शेजारी बसून पाहण्याची संधी मला मिळत आली आहे.

ही कला मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. फरीदसाहेब हे शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले होते. लढाया संपल्या आणि शस्त्रांची मागणी आटली. त्याच सुमारास पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गवयांची ये-जा वाढली. उत्तरेतून आलेली वाद्ये बिघडली की ती नीट करणारा माणूस या भागात नव्हता. ते काम फरीदसाहेबांनी हाती घेतले आणि दुरुस्तीवरून पुढे नवी वाद्ये घडवण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोघांनाही 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

गल्लीत गेल्यावर सर्वांत आधी नजरेत भरतात ते टांगलेले, रचलेले भोपळे. हे भोपळे खाण्याचे नसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी ते मुद्दाम वाद्यांसाठी पिकवले जातात, आणि पूर्ण वाळून टणक झाल्यावरच कामाला घेतात. कापण्याआधी ते पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर काढून हवा तसा आकार देतात आणि पुन्हा वाळवतात. मग तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडतात, भोपळ्याच्या तोंडावर तबली म्हणजे पातळ लाकडी फळी बसवतात, नक्षी करतात, चपड्याचे पॉलिश चढवतात आणि शेवटी खुंट्या, घोडी व तारा लावतात. यांतील प्रत्येक कामाचा हात वेगळा असतो. एकच माणूस सर्व कामांत सारखाच तयार असल्याचे क्वचित आढळते.

सर्वांत अवघड काम जवारीचे. तार घोडीवर जिथे टेकते, तो पृष्ठभाग इतक्या बारकाईने घासावा लागतो की, कंप पावणारी तार त्याला पुसटशी स्पर्श करत राहील आणि तिच्यातून भरलेला, गुंजणारा नाद निघेल. किंचित जास्त घासले तर आवाज चिरका होतो आणि कमी पडले तर तार मुकी राहते. तानपुऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नाद नेमका पकडावा लागतो. हे मोजमापाने होत नाही. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी निदान एकदा तरी जवारीचे काम सुरू असताना गल्लीत शांत बसावे.

येणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती आहे. ही माणसांची घरे आणि कामाच्या जागा आहेत, प्रदर्शन नव्हे. जवारी चालू असताना मोठ्याने बोलू नये, विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये आणि ओले पॉलिश असलेल्या वाद्याला हात लावू नये. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आल्यापासून मागणी घटली आहे आणि अनेक घरांतील मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली आहेत. आपण आस्थेने दोन प्रश्न विचारले तर ही मंडळी हातातले काम बाजूला ठेवून समजावून सांगतात. त्या वेळेचा मान आपण राखला पाहिजे.

कुरुंदवाडचा_दत्ता

तरफेची_तार यांचे लेखन फार आवडले. परंतु मूळ धाग्यातील मांडणीत मला एक उणीव जाणवते, ती नम्रपणे नोंदवतो. धागा वाचताना असा समज होतो की, मिरज जी घडली ती रेल्वेमुळे घडली. सतारीचा व्यवसाय तर रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. शिवाजी महाराजांनी मिरजेच्या किल्ल्याला वेढा घातला, तो प्रतापगडच्या युद्धानंतरच्या मोहिमेत, म्हणजे रूळ पडण्यापूर्वी सव्वादोनशे वर्षे. पटवर्धनांचा आश्रय नसता तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गवई मिरजेत राहिला नसता.

आमच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचेही तसेच. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणले आणि दृष्टी अधू झाल्यामुळे शालेय शिक्षण थांबून ते बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. हे सर्व संस्थानिकांच्या आधाराने झाले. तेव्हा गाव पाहताना रेल्वेइतकेच लक्ष दरबाराकडेही द्यावे.

शाहूपुरीकर

दत्ताभाऊ, आपला मुद्दा रास्त आहे. व्यवसाय आणि गायकी रुजवली ती पटवर्धनांनी, याबद्दल दुमत असू नये. मला म्हणायचे आहे ते त्यापुढच्या टप्प्याविषयी. पलुस्कर 1896 मध्ये मिरज सोडून निघाले आणि 1901 मध्ये त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गवयाने दरबाराच्या बाहेर पडून गावोगावी जलसे करत स्वतःच्या बळावर उभे राहणे हे रेल्वेच्या युगातच शक्य होते. अब्दुल करीम खाँ यांचे मिरज ते मद्रास असे सततचे जाणे-येणेही त्याच रुळांवरून झाले. दरबाराने पेरले ते रेल्वेने दूरवर नेले, असे मी म्हणेन. आणि नाटकांचेही तसेच आहे. बालगंधर्व 1905 मध्ये मिरजेतच प्रथम रंगभूमीवर उभे राहिले आणि तिथल्या नाट्यगृहाला आज त्यांचेच नाव आहे. नाटक मंडळ्यांचे पडदे, पेट्या आणि माणसे गावोगावी फिरण्यातही रेल्वेचा आधार मोठा होता.

परिचारिका_कोल्हापूर

मी वॉनलेस रुग्णालयात काही काळ काम केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये हे रुग्णालय सुरू केले. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जाणे सामान्य माणसाला परवडत नव्हते. मिरजेला मात्र कोल्हापूरकडून, कर्नाटकातून, पुण्याच्या बाजूने रेल्वेने येता येत होते, आणि पुढे बार्शी लाइट झाल्यावर मराठवाड्यातूनही रुग्ण येऊ लागले. रुग्णाबरोबर नातेवाईक येत आणि आठवडेच्या आठवडे राहत. वैद्यकीय शिक्षण, परिचारिकांचे प्रशिक्षण, कुष्ठरुग्णांची सेवा आणि सांगलीच्या वाटेवरील वॉनलेसवाडीचे क्षयरुग्णालय, ही सर्व कामे या एका रोपाच्या फांद्या आहेत. आपल्या कोल्हापुरातील मेरी वॉनलेस रुग्णालयाचे नावही याच कुटुंबाशी जोडलेले आहे.

मात्र हे ठिकाण पाहायला जाणाऱ्यांनी ते रुग्णालय आहे याचे भान ठेवावे. बाहेरून जुनी वास्तू पाहावी आणि पुढे जावे. वॉर्डांत हिंडण्याचे ते ठिकाण नव्हे.

वळिवड्याचा_मास्तर

गाडीतून जाताना वाटेतल्या स्थानकांकडेही लक्ष द्यावे. गूळ मार्केटनंतर वळिवडे लागते. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश नागरिकांची वसाहत 1943 ते 1948 या काळात इथे होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सैबेरियातील छळछावण्यांतून सुटून, इराणमार्गे हिंदुस्थानात येऊन, ही माणसे शेवटी पंचगंगेच्या खोऱ्यात स्थिरावली. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना असे सर्व काही इथे होते. ते गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीमुळे आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. एकाच जागेने लागोपाठ दोन निर्वासित समाजांना आसरा दिला, हे आपल्या मुलांना सांगावे.

पुढे पंचगंगेचा पूल आणि रुकडी, मग हातकणंगले. बाहुबलीला जाणारे भाविक इथे उतरतात. जयसिंगपूर हे तर शाहू महाराजांनी आखून वसवलेले आणि आपल्या जन्मदात्या वडिलांचे, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे नाव दिलेले गाव. सरळ रेषेत काढलेले रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहून त्या आखणीची कल्पना येते. तिथल्या भडंगाची पुडी घेतल्याशिवाय आमच्या घरी कोणी परत येत नाही. त्यानंतर कृष्णेवरचा पूल ओलांडला की मिरज.

सावली_राजारामपुरी

या धाग्यामुळे आम्ही जायचे ठरवले आहे. सोबत सासूबाई आणि शाळकरी मुलगी असेल. सासूबाईंना फार चालवत नाही. सर्व ठिकाणे एका दिवसात होतील का? पावसाळ्यात जावे का? आणि मुलगी गाणे शिकते, तिच्यासाठी तानपुरा घ्यावा असे मनात आहे, तर त्याविषयीही मार्गदर्शन करावे.

ब्राह्मणपुरीतली

सावलीताई, अवश्य या. सासूबाईंसाठी स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. दर्गा आणि सतारमेकर गल्ली एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे सकाळचा वेळ तिथेच द्या आणि बाकीच्या ठिकाणांची घाई करू नका. किल्ल्याच्या जागी आता मुख्यतः वस्ती आणि कचेऱ्या आहेत. तो वगळला तरी चालेल. ऊन उतरल्यावर कृष्णाघाटावर जा. नवरात्रात आलात तर अंबाबाईच्या देवळातील संगीत महोत्सव ऐकता येईल, आणि अनंत चतुर्दशीला आलात तर विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावरील भव्य स्वागतकमानी पाहता येतील. मात्र त्या दिवशी गर्दी फार असते, वयस्कर माणसांना घेऊन येऊ नये.

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पाण्याची चौकशी करा. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने मिरज आणि कोल्हापूर यांमधील वाहतूक थांबली होती. घाट तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. दिवाळीनंतरचे महिने सर्वांत उत्तम.

तरफेची_तार

तानपुऱ्याविषयी लिहितो. मुलीला सोबत न्या, कारण तानपुरा गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे निवडावा लागतो. पुरुषी आवाजाचा तानपुरा मोठ्या भोपळ्याचा आणि लांब दांडीचा, तर बायकी आवाजाचा त्याहून लहान. तिचा सा कोणत्या पट्टीत आहे हे तिच्या गुरूंना विचारून जा आणि तो स्वर कारागिराला सांगा. नक्षी किती आहे यावर वाद्य निवडू नका. साध्या, बिननक्षीच्या तानपुऱ्याची जवारी चांगली असेल तर तोच घ्यावा. तयार वाद्य मनासारखे मिळाले नाही तर मागणी नोंदवून या आणि कारागिराला पुरेसा वेळ द्या. घाईने वाळवलेल्या भोपळ्याला पुढे तडा जाण्याचा संभव असतो.

वाद्य घरी आणताना तारा थोड्या सैल करून घ्या आणि जाड अस्तराची पिशवी तिथेच विकत घ्या. गाडीत ते सामानाच्या फळीवर ठेवू नका. भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्याला टेकवून बसा, किंवा खिडकीच्या कोपऱ्यात उभे करून धरा. घरी आल्यावर उन्हाच्या झोतात किंवा ओलसर भिंतीलगत ठेवू नये. रोज वाजू लागला की काही काळाने घोडी झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. त्यासाठी त्याच कारागिराकडे जावे, कारण त्या वाद्याचा आवाज त्याच्या कानात बसलेला असतो.